लग्नसराईआधी नवी लेन्स तपासून घ्या. भिंत, जुना पेपर आणि तासभर वेळ पुरेसा

तुळशीचं लग्न उरकलं की गावोगावी मांडव उभे राहू लागतात आणि तालुक्यातल्या फोटोग्राफरांची धावपळ सुरू होते. सीझनच्या तोंडावर अनेक जण नवी लेन्स घेतात, कुणी रोख, कुणी हप्त्यावर. कुरिअर आलं, खोकं फोडलं, लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि दुसऱ्याच दिवशी थेट लग्नात, असा प्रकार सर्रास होतो. घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो मोठे केले की मग कळतं, नवरीचा चेहराच धूसर!

अंतरपाट एकदाच दूर होतो, अक्षता एकदाच पडतात. तो फोटो पुन्हा काढता येत नाही. अल्बमचे उरलेले पैसे अडकतात ते वेगळंच. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या आधी, आणि लेन्स परत करण्याची मुदत संपायच्या आत, घरीच तपासणी करून घ्यावी.

आधी हे बघा : दोष खरंच लेन्सचा आहे का?

फोटो ब्लर आला की पहिला संशय लेन्सवर जातो. पण बऱ्याचदा कारण दुसरंच असतं.

हात हलला तर सगळा फोटो एकाच दिशेला ओढल्यासारखा दिसतो. माणूस हलला तर मागचा मांडव स्पष्ट आणि माणूस पुसट दिसतो. दोन्ही वेळा शटर स्पीड कमी पडलेला असतो.

तिसरं कारण म्हणजे उघडं अ‍ॅपर्चर. ५० एमएमची लेन्स एफ/१.८ वर ठेवून सहा-सात फुटांवरून फोटो काढला, तर जेमतेम अर्धा फूट खोलीतलंच स्पष्ट येतं. नवरी शार्प आणि एक पाऊल मागे उभा असलेला नवरदेव धूसर, हा लेन्सचा दोष नाही. दोघे स्पष्ट हवे असतील तर अ‍ॅपर्चर एफ/४ किंवा एफ/५.६ करावं लागतं.

लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर बसवलेला असेल तर तपासणीच्या वेळी तो काढून ठेवावा. नाहीतर खोट फिल्टरची आणि नाव लेन्सचं, असं व्हायचं.

भिंतीवरची तपासणी

सपाट, सावलीतली पण भरपूर उजेड असलेली भिंत निवडावी. जुन्या पेपरची बारीक अक्षरांची पाच पानं घ्यावीत. एक मधोमध आणि चार फ्रेमच्या चार कोपऱ्यांत येतील अशी ताणून चिकटवावीत. पान फुगलेलं राहू देऊ नये. ५० एमएमच्या लेन्ससाठी सात-आठ फूट अंतर ठीक आहे.

कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर हवा. जरा तिरका राहिला तर एक बाजू धूसर येणारच. यासाठी सोपी युक्ती म्हणजे मधल्या पानावर छोटा आरसा भिंतीला सपाट टेकवून धरावा. कॅमेऱ्यातून बघताना आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्यावर दिसलं, की कॅमेरा सरळ आहे असं समजावं.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, टायमर २ सेकंदांचा. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर तो बंद करावा. लाइव्ह व्ह्यूमध्ये मधल्या पानावर फोकस करून एफ/१.८, एफ/२.८, एफ/४, एफ/५.६ आणि एफ/८ असे फोटो घ्यावेत. प्रत्येक अ‍ॅपर्चरला नव्याने फोकस करून तीन-तीन फोटो काढावेत, कारण एखादा फोटो फोकस चुकल्यानेही बिघडतो. झूम लेन्स असेल तर सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तिन्ही ठिकाणी हीच तपासणी करावी.

निकाल कसा वाचायचा?

फोटो मोबाईलवर नव्हे, कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठे करून बघावेत.

उघड्या अ‍ॅपर्चरला चारही कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे मऊ दिसले आणि एफ/५.६ किंवा एफ/८ ला सुधारले, तर लेन्स ठीक आहे. महागड्या लेन्समध्येही कमी-अधिक प्रमाणात असं होतं. एफ/१६, एफ/२२ ला सगळाच फोटो किंचित मऊ होतो, तोही दोष नव्हे. प्रकाश फार बारीक छिद्रातून जाताना पसरतो, त्याचा हा परिणाम.

काळजीची गोष्ट वेगळी आहे. तीन कोपरे स्पष्ट आणि एकच कोपरा, किंवा एक अख्खी बाजू धूसर असेल, तर आतली काच तिरकी किंवा सरकलेली असण्याची शक्यता असते. याला फोटोग्राफीच्या भाषेत ‘डीसेंटरिंग’ म्हणतात. खात्री करण्यासाठी कॅमेरा धान्याच्या छोट्या पिशवीवर उलटा टेकवून, त्याच उंचीवरून तोच फोटो पुन्हा घ्यावा. भिंतीवरचं तेच पान पुन्हा धूसर आलं, तर भिंत किंवा कॅमेऱ्याचा कोन चुकलाय. धूसरपणा समोरच्या बाजूच्या पानावर गेला, तर दोष लेन्सचा. अशी लेन्स वापरत न बसता बदलून घ्यावी.

काच चांगली, फोकस चुकतोय

डीएसएलआर वापरणाऱ्यांनी आणखी एक तपासणी करावी. टेबलावर एक खोकं उभं ठेवून त्याच्या शेजारी मोजपट्टी तिरकी टेकवावी. पट्टीचा मधला आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूच्या रेषेत हवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून व्ह्यूफाइंडरमधून खोक्यावर फोकस करावा. पट्टीचे पुढचे आकडे स्पष्ट आले तर फोकस अलीकडे पडतोय, मागचे आले तर पलीकडे.

लाइव्ह व्ह्यूमधून तोच फोटो शार्प येत असेल, तर काच चांगली आहे, कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा मेळ बसलेला नाही इतकंच. निकॉनच्या काही मॉडेलमध्ये ‘एएफ फाइन ट्यून’ आणि कॅननच्या काही मॉडेलमध्ये ‘एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट’ या नावाने ही दुरुस्ती मेनूतच मिळते. ती सोय नसेल तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. मिररलेस कॅमेरे सेन्सरवरच फोकस ठरवतात, त्यामुळे त्यांत ही अडचण क्वचित येते.

जुनी लेन्स घेताना

सेकंडहँड लेन्स घेताना वरच्या तपासण्या तर कराव्यातच, शिवाय मोबाईलच्या टॉर्चचा उजेड एका बाजूने आत टाकून दुसऱ्या बाजूने बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळ्यात ओलसर कपाटात ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. अशी लेन्स स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पुरावा जपून ठेवा

खोकं उघडतानाचा व्हिडिओ, बिल, वॉरंटी कार्ड आणि तपासणीचे मूळ फोटो जपून ठेवावेत. बिलावरचा आणि लेन्सवरचा सीरियल नंबर एकच आहे ना, हेही बघावं. सदोष लेन्स बदलून द्यायला दुकानदार टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. त्यासाठी तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दुकानाची परतीची मुदत मात्र बहुतेक वेळा काही दिवसांचीच असते, त्यामुळे लेन्स हातात पडली त्याच आठवड्यात भिंतीवर पेपर लावलेला बरा.