एका दहा अंकी संख्येची कथा

गणिताचे नाव काढताच आपल्या कला शाखेतील बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझाही त्या विषयाशी शालान्त परीक्षेनंतर फारसा संबंध उरलेला नाही. तरीही ४,२९,४९,६७,२९७ या संख्येची कथा सांगण्याचे धाडस करीत आहे. तर्कशास्त्राच्या तासाला आपण जे विगमन शिकतो, त्याची खरी कसोटी या संख्येने पाहिली आहे.

२ ही संख्या घ्या. तिचा वर्ग करा, उत्तराचा पुन्हा वर्ग करा आणि असेच पुढे चला. २, ४, १६, २५६, ६५,५३६ अशा संख्या मिळतात. प्रत्येकीत १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः, यांखेरीज कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही.

फ्रान्समधील तुलूझच्या न्यायालयात काम करणारा पिएर द फर्मा हा गणिताचा मोठा व्यासंगी. या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असणार, असे त्याने १६४० मध्ये पत्राने कळविले. सिद्धता मात्र आपल्यापाशी नाही, हेही त्याने प्रांजळपणे सांगितले.

सहावी संख्या म्हणजे आपली ही दहा अंकी संख्या. ती मूळ आहे काय, हे सरळ मार्गाने पाहायचे तर साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल! १७३२ मध्ये ऐन पंचविशीतल्या लेओनार्ड ऑयलरने तिचा एक अवयव जाहीर केला : ६४१. या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागले, तर बाकी १ च उरली पाहिजे, हे त्याने पुढे सिद्धही केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही, पाचवीने जातो. हजारोंचे काम पाच भागाकारांवर आले! ६४१ ला ६७,००,४१७ ने गुणून कोणीही पडताळा घ्यावा.

पाच उदाहरणे खरी ठरली, म्हणून सहावे खरे ठरेलच असे नाही. पाच माणसे भेटताच सबंध गावाविषयी मत देणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर आजपर्यंत या मालिकेत एकही नवी मूळ संख्या सापडलेली नाही. ती कधीच सापडणार नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मित्रहो, सिद्धता नसताना तसे म्हणणे, हेही पुन्हा विगमनच नव्हे काय?