कोण कोणाशी बोललं : रायपूरच्या मराठीचा मागोवा

रायपूरच्या मराठीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: हिंदीच्या शेजारानं आमची मराठी बिघडली. चौबे कॉलोनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचं आहे. म्हणजे तेव्हापासूनची नव्वद वर्षं आणि त्याआधीची भोसल्यांच्या स्वारीपासूनची जवळपास दोनशे वर्षं, एवढा मोठा पट आपल्यासमोर आहे. तो नीट पाहिला तर शेजाराला दोष देणं सोयीचं असलं तरी पुराव्याला धरून नाही, असंच म्हणावं लागतं. हिंदी आणि छत्तीसगढी इथे पहिल्यापासून होत्या, त्या काही मागाहून राहायला आल्या नाहीत. मागाहून बदललं ते एवढंच की कोणाला कोणाशी बोलावं लागलं, आणि तसं बोलल्यानं कोणाच्या पदरात काय पडलं. हा बदल सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही. कारकुनाला त्यानं आधी गाठलं आणि विणकराला नंतर, पुरुषाला आधी आणि बाईला दोन पिढ्यांनी.

१७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांची फौज छत्तीसगढात उतरली, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. त्या कारभारासोबत मोडीतलं दफ्तर आलं आणि ते लिहिणारी माणसं आली. इथली मराठी सुरुवातीपासून अशी सत्तेच्या बाजूला बसलेली भाषा होती. १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीत मुख्य ठाणं रायपूरला आलं, १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं आणि १८६१ साली मध्य प्रांत तयार होऊन नागपूर त्याची राजधानी बनलं. रायपूरच्या मराठी माणसाच्या दृष्टीनं यात महत्त्वाचं ते शेवटचं. वकिली, सचिवालय, उच्च शिक्षण, वरच्या नोकऱ्या, सगळ्या वाटा नागपूरला जात आणि नागपुरात मराठी चाले. घरातली भाषा आणि बढतीची भाषा एका दिशेला होत्या. तरीही याच वर्गातल्या पुरुषांनी सार्वजनिक कामासाठी हिंदी फार लवकर उचलली. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघालं, त्यामागची तिन्ही नावं मराठी: माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे. सप्र्यांनी पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. हिंदीनं त्यांची मराठी बिघडवली असं कोणी म्हणत नाही, उलट अभिमानानं सांगतात. हीच हिंदी त्यांच्या पणतीच्या पिढीच्या तोंडी आली की मात्र तिला बिघाड म्हणतात.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छत्तीसगढ मध्य प्रदेशात राहिलं आणि राजधानी भोपाळला गेली. इतिहासाच्या पुस्तकात हे सीमांचं प्रकरण असतं, घरात ते मुलाच्या नोकरीचं होतं. नागपूर तिथेच राहिलं, रेल्वेही तीच राहिली, पण मराठी येत असल्यानं मिळणारी वरची पायरी निघून गेली. त्याच सुमाराला भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हा तिथे तमिळ, बंगाली, पंजाबी, मराठी इंजिनियर एकाच कँटीनमध्ये जेवत होते आणि आपसात हिंदी किंवा इंग्रजी बोलत होते. बाहेरची भाषा आता पूर्ण वेगळी झाली होती. घरातली मराठी मात्र त्यानंतरही बराच काळ टिकली, आणि ती कुणाच्या जिवावर टिकली हे विचारायला हवं.

ती सुनांच्या जिवावर टिकली. या घरांत सुना नागपूर, अमरावती, भंडाऱ्याकडून येत. त्यांना हिंदी कामापुरती येई, भाजीवाल्यापुरती छत्तीसगढी त्या शिकत, आणि दिवसाचा बाकीचा वेळ सासू, नणंद आणि मुलांमध्ये जाई. मुलांना मराठी आली ती आईला दुसरी भाषा सहज येत नव्हती म्हणून. याला आपण ‘बायकांनी भाषा जपली’ असं म्हणतो. वाक्य गोड आहे, पण त्यात एक बनवाबनवी आहे. ज्याला बाहेर पडायची मुभा नाही त्यानं घर राखलं, असं म्हणण्यासारखंच ते आहे. ऑस्ट्रियातल्या ओबरवार्ट गावात हंगेरियन आणि जर्मन या दोन भाषा चालत. सूझन गॅल या अभ्यासिकेनं सत्तरच्या दशकात तिथे पाहिलं की हंगेरियन सोडून जर्मनकडे सर्वांत आधी वळल्या त्या तरुण मुली. हंगेरियन म्हणजे शेतकऱ्याचं घर आणि गोठा, जर्मन म्हणजे कारखान्याचा पगार. मुलींनी भाषा बदलली ती नको असलेलं आयुष्य टाळण्यासाठी. रायपुरात बायका शिक्षिका झाल्या, बँकेत आणि दवाखान्यात नोकऱ्या करू लागल्या, तेव्हा त्यांच्या दिवसातले आठ तास हिंदीत गेले. संध्याकाळी मुलाचा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाचा अभ्यास घेतानाही त्याच भाषा तोंडी येणार. वडिलांनी हे दोन पिढ्या आधी केलं तेव्हा त्याला कर्तबगारी म्हटलं गेलं. आईनं केल्यावर मुलांना मराठी न आल्याचा जाब तिलाच विचारतात.

वर्गाचा हिशेब उच्चारात जास्त उघडा दिसतो, म्हणून एकच अक्षर जवळून पाहू. वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या ग्रामीण बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळ्याला ‘डोया’, काळ्याला ‘काया’, शाळेला ‘शाया’. राजनांदगावच्या कापड गिरणीच्या आसऱ्यानं आलेल्या कोष्टी विणकरांची, मजुरी करायला आलेल्या कुणबी आणि महार कुटुंबांची बोली याच वळणाची. मंडळाच्या व्यासपीठावर, नाटकात किंवा वक्तृत्व स्पर्धेत ‘शाया’ म्हणणाऱ्या मुलाला हसण्याची रीत जुनी आहे. आता इंग्रजी शाळेत जाणारी, वरच्या घरातली नात ‘शाला’ म्हणते, कारण हिंदीत ‘ळ’ नाही. तिला कोणी हसत नाही. फार तर कौतुकानं दुरुस्त करतात, नाहीतर ‘इथे वाढली ना’ म्हणून सोडून देतात. अक्षर दोन्हीकडे तेच गेलं, एकाला गावंढळपणाचा शिक्का मिळाला आणि दुसऱ्याला माफी. त्याच बोलीतलं ‘मले-तुले’ चुकीचं, आणि ‘मी त्याच्याशी विचारलं’ ही हिंदीतून उचललेली रचना मात्र चालवून घ्यायची. न्यूयॉर्कच्या दुकानांतला ‘र’चा उच्चार तपासून भाषाशास्त्रज्ञ विल्यम लेबॉव्ह यांनी साठच्या दशकात दाखवलं की उच्चाराची किंमत बोलणाऱ्याच्या पायरीवरून ठरते. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीतले असेच सामाजिक थर अभ्यासले. रायपूरला वेगळा नियम लागू व्हावा असं काही कारण नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. हिंदी आणि मराठी बहिणी, लिपी एक, निम्मे शब्द सारखे, तेव्हा एक दुसरीत विरघळणार हे ठरलेलंच. त्यात वर्ग आणि लिंग कशाला आणता? याला उत्तर सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडनं देऊन ठेवलं आहे. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली या गावाबद्दल लिहिलं. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतकं एकत्र नांदल्या. वाक्यरचना इतक्या जवळ आल्या की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. तरीही जैन आणि लिंगायत घरांत कन्नड राहिली, मुसलमान घरांत उर्दू. संपर्कानं व्याकरण बदललं, भाषा गेली नाही, कारण घर आणि चावडी यांच्यातली भिंत पिढ्यानपिढ्या तशीच राहिली. मग रायपूरच्या ज्या घरांत मराठी मागे पडते तिथे नुसतं शेजाराकडे बोट दाखवून भागत नाही, ही भिंत कोणी आणि का काढली ते पाहावं लागतं. ती निघाली म्हणून मला तरी फारसं दुःख नाही, कारण तिच्या आत कोण कोंडलं होतं ते वर आलंच आहे.

दुसरा आक्षेप मुक्तिबोधांच्या उदाहरणाचा. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे कवी झाले आणि १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीचे कवी आणि समीक्षक. एकच घर, एकच वर्ग, दोघेही पुरुष, वयातही फार अंतर नाही, आणि भाषा दोन. मग या सगळ्या सामाजिक कारणांचं काय? त्याचं असं की ही कारणं जमावाचा कल सांगतात, एका माणसाचं प्राक्तन सांगत नाहीत. शिवाय या उदाहरणातलं दोघांचं पुरुष असणं सहज नजरेआड होतं. त्या काळी भाषा निवडून तिच्यात नाव काढणं ही मोकळीक त्याच घरांतल्या किती बायकांना होती?

वयाकडे नुसता पिढ्यांचा उतार म्हणून पाहण्यातही घाई होते. निवृत्तीनंतर पुन्हा मराठीत रमणारी माणसं असतात, भजनाला आणि गणेशोत्सवाला गर्दी त्यांचीच. त्यामुळे आजचा पंचविशीतला मुलगा कायम असाच बोलेल असं नाही. पण पिढीगणिक जे वळण बदललं ते संबोधनात आहे. आजी आजोबांना ‘अहो’ म्हणे, मुलगा वडिलांना ‘तुम्ही’, आणि आईला मात्र ‘तू’. हिंदी घरातून आलेल्या सुनेला नवऱ्याचं आईशी ‘तू’नं बोलणं पहिल्यांदा उद्धटपणाच वाटतो. ती सासूला ‘आप’ म्हणते, मराठी शिकली की ‘तुम्ही’. पुढे नातवंडं कधी आईकडून ‘आप’ घेतात तर कधी बापाकडून ‘तू’. दुसरं वळण छत्तीसगढीचं. पूर्वी ती या घरांत फक्त वरून खाली बोलली जाई, धुणीभांडी करणाऱ्या बाईशी, रिक्षावाल्याशी. तिच्या क्रियापदाला लिंग नाही: बाप्या असो की बाई, दोघंही ‘मैं जाथंव’ म्हणतात, तिथे मराठीत ‘जातो’ आणि ‘जाते’ वेगळं करावं लागतं. २००० साली वेगळं राज्य झालं, त्याच वर्षी ‘मोर छइहां भुइयां’ हा छत्तीसगढी चित्रपट गाजला, २००७ मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि चौकातल्या मुलांनी ती आपसात ऐटीत बोलायला घेतली. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांना पुरुष स्वतःला असतात त्याहून गावठी बोलणारे म्हणवून घेताना आढळले होते, आणि बायका अधिक प्रमाण बोलणाऱ्या. इथेही मुलानं छत्तीसगढीत शिवी हासडली तर ती मर्दुमकी ठरते, मुलगी नुसतं तसं हेल काढून बोलली तरी आई टोकते.

आता या पोरांची वाट नागपूरऐवजी पुण्याला जाते, कॉलेजसाठी आणि पुढे आयटी कंपन्यांत. तिथे रायपूरची मराठी पहिल्यांदाच बाहेरच्या मराठी माणसांपुढे परीक्षेला बसते. ‘मी येऊन राहिलो’ म्हटलं की समोरचा ओठ दाबून हसतो, ‘तुम्ही नागपूरचे का’ विचारतो, आणि रायपूर म्हटल्यावर ‘अरे, मग मराठी बरी येते’ अशी शाबासकी देतो. असं दोन-चारदा झालं की मुलगा त्या माणसाशी हिंदीत बोलायला लागतो, कारण त्याच्या हिंदीला कोणी नाक मुरडत नाही. रायपुरात तीन पिढ्या टिकलेली मराठी काही जण अशी पुण्यात सोडतात, आणि त्यात हिंदीच्या शेजाराचा काडीचाही हात नसतो.