लुटुपुटूची लढाई

चार-पाच वर्षांचे मूल हातात फुटपट्टी घेते आणि दिवसभर 'ठो, ठो' करीत घरभर फिरते. उशीला राक्षस ठरवून बडवते. "दादी, तू मेलीस!" असे हसत सांगते. बकरी ईद होऊन दोन-चार दिवस झाले की खेळण्यातल्या अस्वलाला आडवे पाडून प्लास्टिकच्या चमच्याने त्याची कुर्बानी करते. पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होते. पोरगा मारकुटा तर निघणार नाही? शेजारीपाजारी काय म्हणतील? ही दुसरी धास्ती आपल्या घरांत जरा जास्तच असते, हे आपण आपसात तरी मान्य करू.

पण खेळात मारणे आणि खरोखर मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत त्याला 'लुटुपुटूची लढाई' असे नावच आहे. ग्रेगरी बेटसन या अभ्यासकाने १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची पिल्ले झोंबताना पाहिली. 'हे खरे नाही, खेळ आहे' असा इशारा तीही एकमेकांना देतात, हे त्याच्या ध्यानात आले. वर्गात आम्हा शिक्षकांना हा इशारा रोज दिसतो. खेळ असेल तर चेहरे हसरे असतात, चोर-पोलीस आळीपाळीने बदलतात आणि खेळ संपल्यावर मुले एकत्रच राहतात. खऱ्या भांडणात दात-ओठ आवळलेले असतात, एकच मूल सारखे मार खाते आणि शेवटी एकजण रडत निघून जातो.

मग मुलांना असलेच खेळ का आवडतात? लहान मुलाचे घरात फारसे काही चालत नाही. कधी जेवायचे, कधी झोपायचे, सगळे मोठी माणसे ठरवतात. खेळात मात्र तो सर्वांत बलवान असतो. शिवाय ज्याची भीती वाटते, तेच मूल पुन्हा पुन्हा खेळते. पाचव्या-सहाव्या वर्षी डीपीटीचा दुसरा बूस्टर टोचून आणला की पुढे आठवडाभर घरातल्या सर्वांना सुई टोचली जाते. ज्या बकऱ्याला आपल्या हाताने पाला भरवला, तो अचानक कुठे गेला, हे मूल विचारत नाही. ते खेळून पाहते. या वयात मरण म्हणजे कायमचे जाणे, हे नीट कळलेले नसते. म्हणून तर "मेलीस" म्हटल्यावर लगेच "आता ऊठ" असा हुकूम येतो.

शिकागोच्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली मुलांच्या खेळातले बोलणे लिहून ठेवत. १९८८ मधील त्यांच्या एका पुस्तकाचे नावच 'वाईट माणसांना वाढदिवस नसतो' अशा अर्थाचे आहे. दुष्टाने काय करावे आणि काय करू नये, याचे कायदे मुले स्वतःच बनवतात.

याचा अर्थ सगळे सोडून द्यावे असा नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डला बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला मारताना ज्यांनी पाहिले, त्यांनी नंतर तिला तसेच मारले. तेव्हा मुलाच्या फुटपट्टीआधी आपला उगारलेला हात आणि मोबाइलवर चाललेली मारामारी तपासावी.

घरात काही नियम ठरवावेत. 'थांब' म्हटले की थांबायचे. तोंडावर आणि गळ्यावर हात टाकायचा नाही. तान्हे बाळ आणि मांजर खेळात घ्यायचे नाही. खरी सुरी, कात्री हाताला लागेल अशी ठेवायची नाही. रागावण्याऐवजी विचारावे, "हा राक्षस राहतो कुठे? त्याला भूक लागली तर?" कुर्बानीचा खेळ चालू असेल तर जवळ घेऊन सरळ सांगावे: बकऱ्याचे काय झाले, गोश्त कोणाकोणाच्या घरी गेले. बकऱ्यासाठी रडू आले तर रडू द्यावे.

मात्र खेळात आनंद उरला नाही, तोच प्रसंग जसाच्या तसा दिवसेंदिवस चालला, समोरचा रडत असतानाही मूल थांबत नाही, मुद्दाम प्राण्याला इजा करते किंवा रात्री दचकून उठते, तर शिक्षकांशी बोलावे आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एरवी दिवसातून दहा मिनिटे खाली चटईवर बसावे आणि मूल सांगेल ते सोंग घ्यावे. त्याला नेमके कशाचे भय वाटते, हे तिथेच कळते.