गल्लीतली बाळंतीण आणि आपली मुले

भातकापणी सुरू होते, दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो आणि याच सुमारास आपल्याकडे गल्लोगल्ली कुत्र्या व्यायला लागतात. पाऊस ओसरताना माजावर आलेली कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते, तेव्हा हिशेब बरोबर जुळतो. वाशिंदला स्टेशनच्या बाजूला बंद टपरीच्या फळीखाली, अर्धवट बांधकामाच्या वाळूत, चाळीच्या जिन्याखाली चार-सहा पिल्ले चुळबुळत असतात. शहापूर, मुरबाडच्या बाजारपेठेतही चित्र वेगळे नाही. पोरांचा तर उत्सवच असतो. शाळा सुटली की दप्तर घरात टाकून सगळी पलटण पिल्लांपाशी.

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याच्या बाळंतपणाशी माझा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, पिल्ले झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी माझ्या दवाखान्यात पोटरीला चावा घेतलेली माणसे आणि बोटाला ओरखडे उमटलेली मुले दिसू लागतात. यातली पोटरीवाली माणसे आपल्या पायांनी येतात. मुलांना मात्र कोणी आणत नाही. ती ताप-खोकल्यासाठी आलेली असतात आणि ओरखडा मला सहज नजरेस पडतो.

गेल्या थंडीत भातसा नदीपलीकडच्या एका पाड्यावरून एक आजी सात वर्षांच्या नातवाला कान दुखतो म्हणून घेऊन आल्या. मुलाच्या अंगठ्याला दोन बारीक खुणा होत्या, कडेला लाल भुकटी चिकटलेली. काय झाले विचारले तर आजी हसल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, ते काही नाही. पिल्लू चावलं. मिरची भरली मी. अजून आईचं दूध पितं हो ते, त्याला कुठलं विष?"

वाचकहो, हा समज एका आजींचा नाही. शिकलेल्या घरांतही तो तितकाच पक्का आहे. पिल्लाच्या अंगी विष नसते, व्यालेली कुत्री चावली तर ती मायेपोटी चावते म्हणून बाधत नाही, असे मी कितीदा तरी ऐकले आहे. दोन्ही गोष्टी साफ चुकीच्या आहेत. रेबीज म्हणजे अलर्क रोग हा विषाणूंमुळे होतो. ते विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतात. पिसाळलेला कुत्रा गल्लीतून जाताना पिल्लांनाही चावून जातो, आईलाही. ते पिल्लू काही दिवस नेहमीसारखे खेळत असते आणि त्याची लाळ जंतूंनी भरू लागलेली असते. त्याचे वय विषाणू विचारत नाही. उलट पिल्लाला आपण जास्त हाताळतो, तोंडाशी नेतो, ते बोट चोखते, दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून फुटू लागतात आणि ते सुईसारखे टोकदार असतात. म्हणून मोठ्या कुत्र्याइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, पिल्लाच्या बाबतीत जपायला हवे.

या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की वैद्यकशास्त्राच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. पाण्याची भीती, वाऱ्याची झुळूक सहन न होणे, मग मृत्यू. पण चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सहसा एक ते तीन महिने जातात, क्वचित त्याहून कमी किंवा बरेच जास्त. या मधल्या काळातच आपले सगळे काम असते, आणि ते जितके लवकर सुरू होईल तितके बरे. चेहऱ्यावर, डोक्यावर, बोटांवर चावा असेल तर वेळ आणखी कमी, कारण विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे चढतो. लहान मूल खाली बसून पिल्लू उचलते तेव्हा त्याचा चेहरा आणि आईचे दात एकाच उंचीवर असतात, हे ध्यानात घ्यावे.

चावा, ओरखडा, काहीही असो, पहिले काम नळाखाली. जखमेवर पाण्याची धार धरून साबणाने पंधरा मिनिटे धुवायचे. घड्याळ लावून पंधरा मिनिटे, कारण आपल्याला दोन मिनिटांतच पुरे झाले असे वाटते. यासाठी महागडा साबण लागत नाही, कपड्याची वडी चालते. मग आयोडीनसारखे जंतुनाशक. मिरची, चुना, तंबाखू, हळद, झाडपाला, तेल यांतले काहीही लावू नये. त्याने जखम चिडते आणि धुण्याचा वेळ वाया जातो. वरून घट्ट पट्टी बांधू नये, टाके घालण्याची घाई करू नये.

मग लस. जुन्या पिढीच्या मनात अजून पोटातली चौदा इंजेक्शने आहेत आणि त्या भीतीने लोक टाळाटाळ करतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती. भारतात तिचे उत्पादन थांबून वीस वर्षे उलटून गेली. आताची लस दंडात घेतात, लहान बाळाला मांडीत, कुल्ल्यावर नाही. स्नायूत द्यायची असेल तर पहिल्या दिवशी सुरुवात करून ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. सरकारी दवाखान्यांत बहुधा कातडीत थोडी थोडी देतात, तिला चार खेपा पुरतात. रक्त आले असेल, किंवा उघड्या जखमेला, ओठाला, डोळ्याला लाळ लागली असेल तर लसीबरोबर जखमेत सीरम टोचावे लागते. लसीचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात, तोवर सीरम पहारा देते. लस वाशिंदच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात मोफत मिळते. सीरम प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही, तेव्हा आधी फोनवर विचारून निघावे. धनुर्वाताचे इंजेक्शनही विसरू नये.

गरोदर बाईला किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला कुत्रे चावले तर घरातली मंडळी बाळाच्या काळजीने लस थांबवतात. असे करू नये. ही लस गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असतानाही सुरक्षित आहे.

"दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा" हा सल्ला सगळ्यांना पाठ असतो, पण अर्धाच. लस लगेच सुरू करायची, आणि कुत्रे दहा दिवस ठणठणीत राहिले तर पुढचे डोस थांबवायचे की नाही हे डॉक्टरने ठरवायचे. रस्त्यावरच्या पिल्लाच्या बाबतीत तर या नजरेचा काही उपयोग नाही. ते गाडीखाली येते, थंडीने जाते, कोणी उचलून नेते. दहाव्या दिवशी ते सापडेल याचा भरवसा कोणी द्यावा?

आता त्या बाळंतिणीकडे वळू. तिची नीट व्यवस्था लावली तर वरचे निम्मे प्रसंग टळतात, असा माझा अनुभव आहे. व्यालेली कुत्री उगीच अंगावर येत नाही. आपण तिच्या आणि पिल्लांच्या मधे आलो की ती गुरगुरते, दात दाखवते, आणि मागे सरलो की बहुधा थांबते. भूक, तहान आणि पिल्ले नाहीशी होण्याची धास्ती, या तीन गोष्टींनी ती चावरी होते. आपल्याकडची सर्वांत वाईट रीत म्हणजे पिल्ले गोणीत भरून नदीपलीकडे किंवा हायवेला नेऊन सोडणे. पिल्ले थंडीने मरतात. इकडे आईची आचळे दुधाने ताठतात, सुजतात, ती वेड्यासारखी शोधत फिरते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला फोडून काढते. मग तिलाच पिसाळलेली ठरवून काठ्या निघतात.

पिल्ले आहेत तिथेच असू द्यावीत. जागा ओली असेल तर शेजारी एक आडोसा, कोरडे गोणपाट, वर पत्रा किंवा प्लास्टिक, इतके पुरे. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, डोळे मिटलेले असतात, शू-शीसुद्धा आईने चाटल्याशिवाय होत नाही. पहिल्या दिवसाचे दूध तर हुकताच कामा नये. गाईच्या चिकाचे मोल आपल्याला सांगायला नको. कुत्रीच्या चिकातूनही पिल्लांना तशीच रोगांशी लढण्याची ताकद मिळते.

खायला आईला द्यावे, पिल्लांना नाही. पोरे प्रेमाने बशीत गाईचे दूध ओततात आणि पिल्लांना हगवण लागते. कुत्रीचे दूध गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ घट्ट, स्निग्ध असते, त्याची बरोबरी होत नाही. आईला भाकरी किंवा भात, त्यात उकडलेले अंडे, कोंबडीचे उकडलेले मांस हाडे काढून, असे दिवसातून दोन-तीनदा. शिजलेली हाडे फुटून आतड्याला टोचतात. कांदा, चॉकलेट, तिखट-खारट उरलेसुरले नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिची भूक नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते, आणि नेमका तोवर गल्लीचा उत्साह ओसरलेला असतो. पाण्याचे भांडे मात्र कायम भरलेले हवे. अन्न ठेवून मागे व्हावे, रोज एकाच माणसाने, ठरल्या वेळी आणि मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून बाजूला. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा नेमण्यास सांगितले आहे, तेव्हा ग्रामपंचायतीला विचारून जागा ठरवलेली बरी. दत्तजयंतीला चार कुत्र्यांची आठवण ठेवणाऱ्या आपल्या समाजाला हे अवघड नसावे.

एक गोष्ट मला पशुवैद्यक मित्राकडून कळली आणि ती सर्वांना माहीत असायला हवी. व्याल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत, भरपूर पिल्ले पाजणाऱ्या कुत्रीच्या रक्तातले कॅल्शियम एकाएकी उतरते. ती धापा टाकते, थरथरते, पाय ताठ करून चालते, लाळ गळते, आचके येतात. जाणत्या शेतकऱ्याला व्यालेल्या गाईचा दुग्धज्वर आठवेल, जात तीच, लक्षणे वेगळी. वेळेवर शिरेतून कॅल्शियम मिळाले तर कुत्री वाचते. पण गल्लीत ती पिसाळली असा गिल्ला होतो आणि दगड पडतात. बघून फरक सांगणे आपल्या हाती नाही. म्हणून जवळ जाऊ नये, मुलांना आत घ्यावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. एक खूण सांगतो ती अशी, की तिला पाच-सहा पिल्ले पीत आहेत हे फोनवर आवर्जून सांगा.

आई मेलीच तर पिल्लांना आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवावी. पाजताना पिल्लू पालथे धरावे, आपल्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाते. पिल्लांसाठी पावडरचे दूध मिळते, ते पशुवैद्यकाला विचारून आणावे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, आणि पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने खालून हलके पुसावे लागते. हे सगळे करणाऱ्याने हात धुणे आणि स्वतःची लस यात हयगय करू नये. नेहमी कुत्र्यांची सेवा करणाऱ्यांनी चावण्याआधीच रेबीजची लस टोचून घ्यावी. मग पुढे चावले तरी दोनच डोस पुरतात आणि सीरम लागत नाही. जखम धुणे मात्र सुटत नाही.

जंतांविषयी थोडक्यात. पिल्ले बहुतेक पोटातूनच गोल जंत घेऊन येतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, दोन-तीन आठवड्यांत घातक होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या नखांतून पोटात जातात. क्वचित ती डोळ्यापर्यंत पोहोचून दृष्टी घालवतात. म्हणून दोन आठवड्यांच्या पिल्लाला आणि आईला जंतांचे औषध सुरू करायचे असते. ते स्वस्त आहे, मात्रा पशुवैद्यक वजनावर सांगतो. बांधकामाची वाळू झाकून ठेवावी.

राहिला संख्येचा प्रश्न. "मारून टाका सगळी" असे म्हणणारे मला रोज भेटतात. मुंबईत इंग्रजांच्या काळात कुत्री मारण्याची मोहीम निघाली आणि १८३२ मध्ये फोर्टात पारशी मंडळींनी त्यावरून दंगल केली. त्यानंतरही शतकभराहून अधिक काळ शहरात कुत्री मारली गेली आणि कुत्री काही संपली नाहीत. शेवटी १९९० च्या दशकात महापालिकेने नसबंदीचा मार्ग धरला. शेजारच्या गोव्याने याहून चांगले करून दाखवले. तिथे सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून २०१३ नंतर गावोगाव जाळी घेऊन कुत्री धरली, टोचली, सोडली. सत्तर टक्क्यांच्या आसपास कुत्र्यांना लस पोहोचल्यावर कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी उतरला आणि २०१८ व २०१९ या वर्षांत एकही माणूस रेबीजने दगावला नाही. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. माणसे वाचली ती कुत्र्यांना टोचून.

२०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. आपल्या तालुक्यांत त्याची स्थिती काय आहे हे वाचक जाणतात. पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यावा. बाळंतिणीची शस्त्रक्रिया पिल्ले दुधावरून सुटल्यावर, आचळे आटल्यावर करता येते. पुढच्या माजाआधी ती झाली तर पुढच्या दिवाळीला त्या जिन्याखाली पिल्ले नसतील.

आजींच्या नातवाची लस पूर्ण झाली. त्या पिल्लाचे काय झाले ते कोणालाच ठाऊक नाही, मी विचारले होते. मुलाने आता घरी दुसरे पिल्लू आणायचा हट्ट धरला आहे. आजींना मी सांगितले, आठ आठवडे आईपाशी राहू द्या, जंतांचे औषध द्या, तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचा, आणि तोवर अंथरुणात घेऊ नका.