ओनिगिरी: भाताचा गोळा फुटू नये म्हणून

बऱ्याच जणांचा मेसेज होता, "ताई, जपानमध्ये डब्याला काय नेतेस?" तर आजचा भाग ओनिगिरीवर. म्हणजे भाताचा गोळा, पोटात खारं किंवा आंबट सारण आणि बाहेरून नोरी. नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला, कागदासारखा पातळ पापुद्रा.

आधी माझी फजिती ऐका. टोक्योत नवीन होते. निशी-कासाईला आपले भारतीय लोक बरेच राहतात, तिथून बासमती आणला. मस्त मोकळा भात केला, गोळे वळले, डबा भरला. ऑफिसात पहिला घास घेतला आणि निम्मा भात मांडीवर! शेजारची मुलगी हसलीसुद्धा नाही, गुपचूप टिश्यू पुढे केला. ते जास्त लागलं.

चूक हाताची नव्हती, तांदळाची होती. तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज नावाचा घटक असतो. बासमतीत तो जास्त, म्हणून दाणे सुटे राहतात. जपानी आखूड तांदळात तो कमी, म्हणून दाणे एकमेकांना धरून बसतात. आणि हो, ओनिगिरी म्हणजे सुशी नाही. सुशीच्या भातात व्हिनेगर असतं, इथे फक्त मीठ.

आता कृती. तीन गोळ्यांसाठी 150 ग्रॅम तांदूळ घ्या. तीन-चार पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा. साधारण 200 मिली पाणी घालून झाकण ठेवा. उकळी आली की मंद आचेवर 10-12 मिनिटं. गॅस बंद केल्यावर आणखी 10 मिनिटं झाकण उघडायचं नाही. मोह होतो, पण नाहीच!

सारण सगळ्यात सोपं, ट्यूना-मेयो. ट्यूनाचा छोटा डबा घट्ट पिळून घ्या, त्यात एक मोठा चमचा मेयोनीज आणि सोया सॉसचे दोन-चार थेंब. पाणी राहिलं तर गोळा आतून फुटतो.

भात गरम असतानाच वळायचा, गार झाला की धरत नाही. हात ओले करा, तळव्यावर चिमूटभर मीठ पसरा. मूठभर भात, मध्ये खळगा, एक चमचा सारण, वरून भात. एक हात सपाट, दुसरा छपरासारखा दुमडलेला, आणि तीन-चार वेळा फिरवून त्रिकोण करा. आपण इथेच चुकतो, लाडूसारखं दाबतो. 'निगिरु' म्हणजे मुठीत धरणं, पण हलक्या हाताने. गोळा हातात टिकावा आणि तोंडात सुटावा, एवढाच दाब.

नोरी खायच्या वेळी गुंडाळा, नाहीतर मऊ पडते. तिथल्या दुकानांतल्या ओनिगिरीत नोरी आणि भाताच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो यासाठीच.

आता जरा गंभीर. डब्याला नेणार असाल तर उघड्या हाताने वळू नका, क्लिंग फिल्ममध्ये घालून वळा. हातावरचे काही जिवाणू भातात असं विष तयार करतात की जे नंतर गरम करूनही जात नाही. गोळा गार झाल्यावरच डबा बंद करा. उन्हाळ्यात ट्यूना-मेयो बाहेर ठेवायचाच नाही, आइस पॅक हवाच. जुन्या लोकांचं आवडतं सारण उमेबोशी. ते जर्दाळूच्या जातीचं फळ, मिठात मुरवून वाळवलेलं. खारट-आंबट असल्याने डब्याला तेच बरं.

शाकाहारी मंडळी, जपानमध्ये विकत घेताना सावध. नुसती शेवाळाची म्हणून घेतलेल्या सारणातही बऱ्याचदा माशाचा अर्क असतो. घरी केलेली नुसत्या मिठाची ओनिगिरी निर्धास्त खा.

जपानी तांदूळ महाग पडतो? माझ्या आईने पुण्यात इंद्रायणीचा भात घेतला आणि आत लिंबाचं लोणचं भरलं. गोळा टिकला! आता व्हिडिओ कॉलवर ती मला शिकवते.

जाता जाता एक गोष्ट. ओनिगिरीला 'ओमुसुबी'ही म्हणतात. 'मुसुबु' म्हणजे बांधणं, जोडणं. 17 जानेवारी 1995 ला कोबे भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा स्वयंसेवकांनी लोकांना हेच भाताचे गोळे वाटले. त्या आठवणीत 17 जानेवारी हा ओमुसुबीचा दिवस मानतात. हाताने वळून दुसऱ्याच्या हातात द्यायचं जेवण आहे हे. म्हणून तीन केलेत तर एक शेजाऱ्याला द्या. मी दुसऱ्या खेपेला त्या टिश्यूवाल्या मुलीला दिला. यावेळी मात्र ती हसली.

चला, करून बघा आणि फुटला तरी फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात!