मृत्यूचा आकडा कसा वाचावा?

‘मोठ्या सरकारी इस्पितळात नेऊ नका, तिथे फार माणसे दगावतात,’ असे आपल्या घरांत सर्रास म्हटले जाते. पण ती माणसे तिथे कोणत्या अवस्थेत पोहोचतात, हे आपण विचारत नाही. लहान दवाखाना हाताबाहेर गेलेला रुग्ण ‘पुढे न्या’ म्हणतो; मृत्यू मोठ्या इस्पितळाच्या नावावर पडतो.

मग हा आकडा निरुपयोगी आहे काय? नाही. सारख्या रुग्णांची तुलना केली, तर तोच आकडा जीव वाचवतो. व्हिएन्नाच्या सरकारी इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. बायका एक दिवसाआड आळीपाळीने दोन्हीकडे दाखल होत. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातील ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुइणींच्या दुसऱ्या विभागात ३ हून कमी. डॉ. सेमेलवाइस यांना कारण सापडले: पहिल्या विभागातले डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणी तपासत. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ मध्ये तिथले प्रमाण सव्वा टक्क्यावर आले.

म्हणून आम्हाला वाटते, ‘तिथे किती मेले?’ एवढ्यावर थांबू नये. याच आजाराचे, याच अवस्थेतले किती आले, किती बरे झाले आणि किती पुढे पाठवले, हेही विचारावे.