रिट्रीव्हरच्या पिल्लाचे पहिले पाखरू

इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि १ फेब्रुवारीला संपतो. बार झाल्यावर पक्षी दाट झुडपात किंवा ओढ्यापलीकडे कोसळतो. तो केवळ जखमी झालेला असेल आणि कोणाला सापडला नाही, तर कुंपणाच्या आडोशाला तडफडत राहतो. असा पक्षी वासावरून हुडकून, त्याला दात न लावता धन्याच्या हाती आणून देणे, हे रिट्रीव्हर कुत्र्याचे काम होय.

या कामासाठीच या जाती मुद्दाम घडविल्या गेल्या. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ म्हणून ओळखल्या गेलेल्या जमीनदाराने १८६८ मध्ये स्कॉटलंडमधील आपल्या जहागिरीत एका पिवळ्या रिट्रीव्हरचा ट्वीड वॉटर स्पॅनिएल जातीच्या मादीशी संकर घडवून आणला. त्यातूनच आजच्या गोल्डन रिट्रीव्हर जातीचा उगम झाला.

लांडग्याची शिकार म्हणजे क्रियांची एक साखळीच असते : शोध घेणे, पाठलाग करणे, पकडणे, ठार मारणे, फाडणे आणि खाणे. पिढ्यान् पिढ्या केलेल्या निवडीमुळे रिट्रीव्हरमध्ये या साखळीच्या शेवटच्या कड्या क्षीण झाल्या आहेत; मात्र त्या नाहीशा झालेल्या नाहीत. म्हणूनच पिल्लाची पाखराशी पहिली भेट कशी घडते, याला फार महत्त्व आहे.

आरंभ घरातच होतो. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर दीर्घकाळ प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९६५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. साधारणपणे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या मनाच्या घडणीत अत्यंत संवेदनशील असतो, असे त्यांना आढळून आले. या वयात पिल्लाला माणसाचा विश्वास वाटू लागला पाहिजे. गुंडाळलेला मऊ मोजा थोड्या अंतरावर टाकावा. पिल्लू तो घेऊन आले की त्याला जवळ घेऊन गोंजारावे आणि क्षणभराने वस्तू हळूच काढून घ्यावी. हिसकाहिसकी कधीही करू नये. ओढाताणीच्या खेळातून पिल्लू एकच धडा घेते : हाती आलेली वस्तू घट्ट आवळून धरावी!

सुमारे चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडू लागतात व त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. हिरड्या दुखत असताना जड वस्तू उचलायला लावली, तर उचलण्याशी वेदनेची सांगड बसते. म्हणून दात येण्याचे पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिन्यांपर्यंत, थांबणे श्रेयस्कर.

त्यानंतर कॅनव्हासच्या गुंडाळीवर पक्ष्याचा वाळलेला पंख बांधतात. वस्तू ओळखीची आणि वास तेवढा नवा! पुढची पायरी म्हणजे थंड झालेला, रक्ताचा डाग नसलेला लहान पक्षी. तितर यासाठी सोयीचा. रानकबूतर असेल, तर त्याची सैल पिसे तोंडात चिकटून पिल्लाला किळस येते. यावर उपाय म्हणून काही शिक्षक कबूतर पातळ पायमोज्यात घालतात. आधी पिल्लाला पक्षी स्वस्थपणे हुंगू द्यावा, मग आखूड गवतात जवळच टाकावा. ते बुचकळ्यात पडले तर रागावू नये. पक्षी उचलून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंखाची गुंडाळी द्यावी.

बंदुकीच्या आवाजाची ओळख वेगळ्या दिवशी, बऱ्याच अंतरावरून आणि पिल्लू आनंदात असताना करून देतात. आवाज व पाखरू ही दोन्ही एकाच वेळी समोर आली आणि पिल्लू दचकले, तर ती भीती पाखरालाही चिकटते.

जखमी, धावता पक्षी मात्र सर्वांत शेवटी. फेझंटच्या नराच्या पायांना टोकदार आऱ्या असतात. त्यांचा ओरखडा बसला की अननुभवी कुत्रे स्वसंरक्षणासाठी जबडा आवळते आणि ठार मारण्याची ती निद्रिस्त कडी जागी होते. एकदा जडलेली ही खोड सहसा सुटत नाही. ब्रिटनमधील स्पर्धांत पंच आणलेल्या पक्ष्याच्या बरगड्या बोटांनी चाचपून पाहतात. कुत्र्याच्या पकडीने त्या चिरडल्या आहेत असे ठरले, तर ते कुत्रे स्पर्धेतून बाद होते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वन्य पक्ष्यांच्या शिकारीस बंदी आहे, आणि ते योग्यच होय. परंतु हीच अलगद पकड व हीच आणून देण्याची हौस आज निराळ्या कामी येते. अपंग माणसाच्या हातून पडलेली किल्ली उचलून देणारे लॅब्रॅडॉर त्याच गुणांचे धनी आहे. शिक्षणाची रीतही तीच : एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि तीही शिकणाऱ्याची तयारी पाहून.